मराठी–गुजराती शब्दार्थ शोधताना इंग्रजी मधे घ्यावी का?

दांडियाबाजारकर

वडोदऱ्यातील मराठी घरांत शब्दकोश ही केवळ अभ्यासकांची गरज नाही. आपले घरातले बोलणे मराठी, बाजारातले गुजराती, जुने कागद कधी मोडीत तर कधी गुजरातीत, आणि वकील ज्यावर सही मागतो तो मसुदा इंग्रजीत, अशी आपली स्थिती आहे. या धाग्याला निमित्त झाले ते संस्थानी काळातील एका गुजराती खरेदीखताचे. पुण्यातील नातेवाइकांना त्याचा मराठी अनुवाद हवा होता, म्हणून आम्ही तो एका अनुवाद-सेवेकडून करून घेतला. मूळ कागदात 'वहीवटदार साहेब' यांचा उल्लेख आहे, त्याचे अनुवादात 'प्रशासक' झाले. तो वाचून पुण्याच्या वकिलांनी विचारले की, त्या काळी तिथली नगरपालिका बरखास्त झाली होती काय. दुसरा घोटाळा याहून मनोरंजक आहे. 'अवेज पूरेपूरो मळ्यो छे' या वाक्याचा अनुवाद 'विचार पूर्णपणे मिळाला आहे' असा आला.

दोन्ही घोटाळ्यांचे मूळ एकच दिसते. गुजराती शब्दाचा आधी इंग्रजी अर्थ पाहिला गेला आणि मग त्या इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ घेतला गेला. 'अवेज' म्हणजे खरेदी-विक्रीतील मोबदला. इंग्रजी कायद्यात त्याला 'कन्सिडरेशन' म्हणतात आणि त्याच इंग्रजी शब्दाचा रोजचा अर्थ 'विचार' असा आहे. माझे मत असे की, शेजारच्या दोन भाषांमध्ये जाताना इंग्रजी मधे घेऊच नये. मधला दलाल दोन्हीकडून कमिशन घेतो. तुम्ही मंडळी अशा वेळी कोणते कोश पाहता, आणि पाहिलेला अर्थ बरोबर आहे याची खात्री कशी करून घेता, हे जाणून घ्यायचे आहे.

सूरसागरकाठी

'विचार पूर्णपणे मिळाला' हे वाचून खूप हसलो. आमच्या घरातल्या प्रत्येक व्यवहारात 'विचार' मिळतो, रक्कम तेवढी मिळत नाही.

कोशवेडा

मूळ प्रश्न महत्त्वाचा आहे, पण इंग्रजीवर सगळा दोष टाकणे मला पटत नाही. याच शहरात सयाजीराव महाराजांच्या आज्ञेने तयार झालेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील शब्दांचा हा आठ भाषांचा कोश आहे. त्यात इंग्रजी शब्द आणि त्याला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली भाषांत काय म्हणतात, हे एकत्र मिळते. म्हणजे भारतीय भाषांना जोडणारा हा कोश करतानाही इंग्रजी शब्द सोडलेला नाही. त्या काळी कायदे आणि त्यांच्या मागची कल्पना इंग्रजीतून येत होती, त्यामुळे ते स्वाभाविकच होते. म्हणून मधे इंग्रजी आहे की नाही, एवढ्यावरून कोशाची पारख होणार नाही.

दांडियाबाजारकर

कोशवेडा, मुद्दा मान्य आहे, तरी एक फरक लक्षात घ्यावा. 'कल्पतरु'मध्ये सगळ्या भाषा वाचकाच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी असतात. गुजराती शब्द मराठी शब्दाशेजारी छापलेला असल्यामुळे दोघांचा अर्थ जुळतो की नाही, हे वाचक स्वतः पाहू शकतो, आणि शेजारी संस्कृत व फारसी असल्यामुळे शब्द कुठल्या कुळातला आहे तेही कळते. आमच्या अनुवादात मात्र मधला इंग्रजी शब्द कोणाला दिसलाच नाही. तो आत येऊन अर्थ बदलून निघून गेला. माझा आक्षेप या न दिसणाऱ्या टप्प्यावर आहे.

पानवाचक

या संदर्भात 'राज्यव्यवहारकोश' आठवतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या त्या कोशात कारभारात रुळलेल्या फारसी व दख्खनी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत, आणि शब्द अकारविल्हे न लावता राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत लावलेले आहेत. विषयवार मांडणीचा मोठा लाभ असा की, शब्द त्याच्या सोबत्यांमध्ये भेटतो. किल्ल्याच्या दरवाजाचा शब्द शोधायला गेलात तर तटबंदीचाही सापडतो, आणि चुकीचा पर्याय त्या शेजारात लगेच खटकतो. विश्वनाथ दिनकर नरवणे यांचा १९६१ मधील सोळा भाषांचा 'भारतीय व्यवहार कोश' मला त्याच कारणासाठी आवडतो. भाजी, नाती, धंदे अशा रोजच्या गोष्टी एकत्र वाचता येतात. कायद्याच्या कागदासाठी मात्र तो नाही, हे आधीच सांगतो.

सातारची_सून

मी लग्न होऊन वडोदऱ्यात आले तेव्हा शेजारच्या मासींनी प्रेमाने विचारले, "बेटा, नवरी छे?" मी गंभीरपणे उत्तर दिले की, आता नवरी कुठली, हळद उतरून बरेच दिवस झाले. त्या केवळ मला वेळ आहे का, मी मोकळी आहे का, एवढेच विचारत होत्या. त्या दिवशी माझ्या हाताशी कोणताही कोश असता तरी मी तो उघडला नसता, कारण शब्द ओळखीचा होता. जे शब्द परके वाटतात ते आपण शोधतो. घात होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांनी.

सूरसागरकाठी

सातारच्या सूनबाई, आणि ज्या दिवशी नवरा खरोखरच 'नवरो' असतो त्या दिवशी दोन्ही भाषा एकदम बरोबर ठरतात.

मंगळबाजार

स्वयंपाकघरातले उदाहरण देते. गुजरातीत 'केरी' म्हणजे आंबा. मराठीत 'कैरी' म्हणजे कच्चा आंबा, ज्याला गुजरातीत 'काची केरी' म्हणावे लागते. गुजराती पाककृतीत 'पाकी केरीनो रस' असे लिहिलेले असेल तर वाचणारी स्त्री थांबते आणि विचार करते, म्हणून तिथे गोंधळ होत नाही. पण नुसते 'केरीना टुकडा' असे लिहिलेले असेल तर मराठी वाचक आंबट फोडी घेऊन बसते. इथे इंग्रजी मधे घेतली तर 'मँगो'वरून सरळ 'आंबा' मिळेल आणि अर्थ बरोबर लागेल. म्हणजे दांडियाबाजारकरांच्या नियमाला हा अपवाद झाला की नाही?

दांडियाबाजारकर

झाला, आणि तो मला नाकारता येणार नाही. मात्र उलट दिशेने जाऊन पाहा. मराठी 'कैरी'वरून 'मँगो' आणि 'मँगो'वरून 'केरी' असे गेलात तर गुजराती वाचक पिकलेल्या आंब्याचे लोणचे घालायला बसेल. एका दिशेला जे साधते ते दुसऱ्या दिशेला साधेलच, असे नाही.

निवृत्त_महसूलवाला

मी महसूल खात्यात आयुष्य घालवले असल्यामुळे 'वहीवटदार' या शब्दावर थोडे सविस्तर लिहितो. बडोदे संस्थानात प्रांतावर सुभा असे, आणि प्रांताखालच्या महालाचा मुख्य अधिकारी वहिवाटदार असे. इंग्रजी मुलखातील मामलतदाराचे जे काम, तेच संस्थानी महालात वहिवाटदाराचे. आजच्या गुजरातीत 'वहीवट' म्हणजे कारभार, प्रशासन. आजच्या मराठीत 'वहिवाट' म्हटले की, शेतातली वाट, तिच्यावरून जाण्या-येण्याचा हक्क किंवा चालत आलेला उपभोग, एवढेच डोळ्यांसमोर येते. परंतु पेशवाईतील कागद वाचणाऱ्यांना हे ठाऊक आहे की, जुन्या मराठीत वहिवाट म्हणजे कारभार पाहणे, असाही अर्थ होता. म्हणजे शब्द दोन्ही भाषांत एकच. मराठीत त्याचा एक अर्थ मागे पडला आणि गुजरातीत तोच अर्थ पुढे राहिला. अशा शब्दासाठी आजचा खिशातला कोश उपयोगाचा नाही. ज्या काळचा कागद, त्या काळाच्या जवळचा कोश उघडला पाहिजे.

दुसरी गोष्ट, जमिनीच्या कागदांना कोशापेक्षा चांगली किल्ली उपलब्ध आहे, ती म्हणजे गाव नमुन्याचा क्रमांक. गुजरात आणि महाराष्ट्र हे दोन्ही प्रदेश १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात एकत्र होते आणि महसुली दप्तराची पद्धतही मुंबई इलाख्याचीच होती. त्यामुळे सात-बारा दोन्हीकडे सात-बाराच आहे, आठ-अ दोन्हीकडे आठ-अ आहे. गुजरातेत गाव नमुना ६ ला 'हक्कपत्रक' म्हणतात आणि महाराष्ट्रात त्याच क्रमांकाच्या नोंदवहीला बोलताना सरसकट 'फेरफार' म्हणतात. नाव पाहून अनुवाद कराल तर 'हक्कपत्रक' हे एखादे प्रमाणपत्र वाटेल. क्रमांक पाहाल तर क्षणात उमगेल की, ही फेरफारांची वही आहे.

कोशवेडा

महसूलवाले काका, नमुन्याच्या क्रमांकाची गोष्ट अप्रतिम आहे. वनस्पतींच्या बाबतीत शास्त्रीय नाव हेच काम करते. तिथेही मधे एक परकी भाषा असते, पण ती एकार्थी असते. तेव्हा मूळ प्रश्नाला मी असे उत्तर देईन की, मधल्या भाषेतला शब्द एकार्थी असेल तर तिच्यातून खुशाल जावे, अनेकार्थी असेल तर जाऊ नये. 'कन्सिडरेशन' अनेकार्थी आहे, 'आंट' तर त्याहून वाईट. मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघी त्या एका दारातून आत जातात आणि बाहेर पडताना कोण मासी, कोण फोई, हे सांगायला कोणी उरत नाही.

ग्वाल्हेरचा_पाहुणा

मी ग्वाल्हेरचा आहे, त्यामुळे मराठी–हिंदीची अडचण मांडतो. 'राजीनामा' हा शब्द मराठीत नोकरी किंवा पद सोडण्यासाठी वापरतात आणि गुजरातीतही 'राजीनामुं' म्हणजे तेच. आमच्याकडे मध्य प्रदेशातील न्यायालयांत 'राजीनामा हो गया' म्हणजे दोन्ही पक्षांत समेट झाला. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांना कोणीतरी सांगितले की, तुमच्या भाच्याच्या खटल्यात राजीनामा झाला, तेव्हा त्यांनी काळजीने विचारले की, न्यायाधीशांनी की वकिलांनी?

निवृत्त_महसूलवाला

पाहुण्यांच्या या शब्दाला आमच्या खात्यात तिसरा अर्थ होता. जुन्या मुंबई इलाख्याच्या दप्तरात 'राजीनामा-कबुलायत' अशी जोडी सापडते. जमीन धारण करणारा राजीनामा देऊन जमीन सोडत असे आणि नवा धारक कबुलायत देऊन ती घेत असे. मूळ कल्पना 'राजीखुशीने लिहून दिलेला कागद' अशी असल्यामुळे तिन्ही अर्थ तिच्यातूनच फुटलेले आहेत. कोशात केवळ प्रतिशब्द पाहिला तर हे कळत नाही, व्युत्पत्ती पाहिली तर कळते.

पानवाचक

व्युत्पत्तीचा विषय निघालाच आहे तर 'अवेज'कडे परत जाऊ. हा अरबी शब्द आहे आणि मूळ अर्थ बदला, मोबदला असा आहे. मराठीत तोच 'ऐवज' होऊन आला. आज आपण 'चोरट्यांनी ऐवज लांबवला' असे म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ मौल्यवान वस्तू असा होतो. परंतु 'च्या ऐवजी' या प्रयोगात मूळ अर्थ अजून टिकून आहे. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात नोंदीपुढे संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्तानी अशा मुळांच्या खुणा केलेल्या असतात, त्यामुळे हे कूळ लगेच सापडते. गुजरातीच्या बाजूने मल्हार भिकाजी बेलसरे यांचा व्युत्पत्तीसह गुजराती–इंग्रजी कोश पाहावा. मराठी आडनावाच्या गृहस्थाने गुजरातीचा कोश रचला, ही आपल्यासारख्यांना आनंद वाटावा अशी गोष्ट आहे. दोन्ही कोशांचे स्पष्टीकरण इंग्रजीत आहे, पण ते एका शब्दाने उरकलेले नसून वाक्यांनी केलेले असते, म्हणून त्यात 'विचार' आणि 'मोबदला' यांची गल्लत होण्याची भीती फार कमी.

लिपिक_रावपुरा

सगळे जण मोल्सवर्थ पाहा म्हणतात, पण संगणकावर मला त्यात निम्मे शब्द सापडतच नाहीत. 'गती' टाकले तर काही येत नाही, 'कवी' टाकले तर येत नाही. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो कोश आहे, हे माहीत आहे, पण वापरायचा कसा?

कोशवेडा

शोध फसतो तो शुद्धलेखनामुळे. मोल्सवर्थची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि सुमारे ६० हजार शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ ची. आपण आज जे नियम पाळतो ते १९६२ चे आहेत. त्या नियमांनी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ केला आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. म्हणून जुन्या कोशात 'गति', 'कवि', 'पद्धति' असे ऱ्हस्व शोधावे, आणि 'तळे', 'करणे' यांच्यासाठी 'तळें', 'करणें' असे अनुस्वार देऊन शोधावे. गंमत अशी की, गुजरातीत 'गति' आणि 'कवि' आजही ऱ्हस्वच लिहितात. गुजरात विद्यापीठाने १९२९ मध्ये जोडणीकोश काढून लेखन एका वळणावर आणले. त्यामुळे वडोदऱ्यात गुजराती शाळेत शिकलेल्या मराठी मुलाला मोल्सवर्थमध्ये शब्द पुण्याच्या मुलापेक्षा लवकर सापडतो, असे म्हणायला हरकत नाही.

क्रियापदांचेही लक्षात ठेवावे. गुजराती कोशात 'करवुं', 'आपवुं' असे 'वुं'कारान्त रूप शोधावे लागते. कागदात 'आपेल छे' असेल तर आधी 'आपवुं'पर्यंत जावे, मग कोश उघडावा.

मंगळबाजार

आणि छापील कोशात अक्षरांचा क्रम? हिंदी कोशात 'अंक' अगदी पहिल्या पानांवर असतो, कारण तिथे अनुस्वाराची अक्षरे आधी घेतात, आणि 'क्षमा' शोधायची ती 'क'मध्ये. मी लहानपणी 'क्ष' शेवटी शोधत बसले आणि हिंदीत क्षमाच नसते, असा निष्कर्ष काढला.

सूरसागरकाठी

तो निष्कर्ष चुकीचा होता, याचा पुरावा मिळाला का?

लिपिक_रावपुरा

'गति' सापडले! धन्यवाद, कोशवेडा. आता माझी तक्रार दुसरी आहे. सरकारी परिभाषा कोश उघडले की, कोणी कधी न बोललेले शब्द सापडतात. महाराष्ट्रात पदनाम कोश निघाला तेव्हा लोकांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले होते, ते काही उगीच नाही. मग असा शब्द अनुवादात वापरायचा की नाही?

पानवाचक

लिपिक महाशय, त्या चेष्टेत थोडा अन्यायही आहे. तेव्हा हसलेले कितीतरी शब्द आज आपण सहज वापरतो. पण अनुवादासाठी माझी कसोटी साधी आहे. ज्या शब्दाचा प्रत्यक्ष वापर मला एखाद्या कागदात, बातमीत किंवा पुस्तकात दाखवता येतो तो घ्यावा. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त अर्थासोबत अवतरणे असतात, आणि गुजरातीत 'भगवद्गोमंडल' हा १९४४ ते १९५५ या काळात निघालेला नऊ भागांचा कोश तर सुमारे २ लाख ८१ हजार शब्दांचा आहे. तो संगणकावरही पाहता येतो. एका कोशातून शब्द घेतला की, दुसऱ्या भाषेच्या एकभाषिक कोशात तो उलट तपासावा. 'अवेज'साठी 'विचार' मिळाला, तर गुजराती–गुजराती कोशात 'अवेज' उघडावा. तिथे किंमत, बदला अशा अर्थांमध्ये 'विचार' कुठेच दिसणार नाही आणि चूक जागच्या जागी उघडी पडेल.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. तुमच्या चर्चेवरून मी माझे मत थोडे बदलतो. इंग्रजी मधे आली तर चालेल, पण ती स्पष्टीकरणाच्या वाक्यांतून यावी, सुट्या प्रतिशब्दाच्या रूपाने नको, आणि शेवटची तपासणी मूळ भाषेच्या स्वतःच्या कोशात व्हावी. आता आमच्या अनुवादात 'अवेज'च्या जागी 'मोबदला' करतो, त्याबद्दल शंका उरलेली नाही. 'वहीवटदार'साठी मात्र 'मामलतदार' लिहावे की मूळ शब्द ठेवावा?

निवृत्त_महसूलवाला

मूळ शब्द ठेवा. 'मामलतदार' लिहिलेत तर महाराष्ट्रातला आजचा वाचक 'तहसीलदार' समजेल, गुजरातेतला आजचा मामलतदार समजेल, आणि संस्थानच्या दप्तरात कोणी पडताळा घ्यायला गेले तर त्या हुद्द्याचा माणूस सापडणारच नाही. पदनाम हे त्या राज्याचे असते, ते बदलू नये. मजकुरात 'वहिवाटदार' लिहावे आणि खाली टीप द्यावी: 'बडोदे संस्थानातील महालाचा मुख्य महसुली अधिकारी, ब्रिटिश मुलखातील मामलतदाराच्या बरोबरीचा.' एवढ्यावर पुण्याच्या वकिलांचे समाधान व्हावे.

कोशवेडा

काकांशी पूर्ण सहमत. एकच दुरुस्ती. तुमच्या मूळ कागदात गुजरातीप्रमाणे 'वहीवटदार' असे दीर्घ 'ही' आणि पुढे 'व' आहे. मराठी मजकुरात 'वहिवाटदार' लिहिणार असाल तर टिपेत मूळ रूपही द्यावे, नाहीतर मूळ कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्याला ते दोन निराळे हुद्दे वाटतील.

दांडियाबाजारकर

दोन्ही रूपे देतो. अनुवाद-सेवेला टिपेचे शब्दही दरानेच मोजायचे असल्यामुळे टीप मी स्वतःच लिहिणार आहे.

सूरसागरकाठी

म्हणजे त्यांना पूर्ण 'विचार' मिळणार नाही.